परमुलखातील आठवडी बाजार: बेंगळुरूच्या संतेत नवा ग्राहक

प्रस्तावना

महाराष्ट्रात ‘परदेशी’ हे आडनाव बरेच ठिकाणी आढळते. या घराण्यांचे पूर्वज समुद्रापलीकडून आलेले नव्हते, ते उत्तर हिंदुस्थानातून आलेले होते. म्हणजे जुन्या मराठी समजुतीप्रमाणे जिथे आपली बोली संपते आणि मापे, चवी, रीतिरिवाज बदलतात, तिथून परदेश सुरू होतो. या अर्थाने नांदेडहून शिक्षणासाठी बेंगळुरूला गेलेली विद्यार्थिनी परदेशातच राहत असते. तिच्याकडे पारपत्र नसते, पण भाजी घेताना ती परकीच असते.

प्रस्तुत पाठात आपण अशाच एका विद्यार्थिनीचे उदाहरण घेणार आहोत. ती दोन मैत्रिणींसह खोली घेऊन राहते. महिन्याला घरून येणारी रक्कम ठरलेली आहे. रोज बाहेर जेवणे परवडत नाही, म्हणून तिघी मिळून स्वयंपाक करतात आणि आठवड्याची भाजी जवळच्या उघड्यावरच्या बाजारातून आणतात. पहिल्या आठवड्यात तिची एक तक्रार असते: “आपल्याला कन्नड येत नाही, म्हणून आपल्याला जास्त भाव सांगतात.” ही तक्रार कितपत खरी आहे? तिचे उत्तर अर्थशास्त्र, भूगोल आणि मानवशास्त्र या तीन विषयांच्या मदतीने शोधता येते.

हा पाठ वाचल्यावर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी सांगता याव्यात: आठवडी बाजार आठवड्यातून एकदाच का भरतो, एकाच बाजारात एकाच वस्तूचे अनेक भाव का असतात, नवा ग्राहक भावाची माहिती कशी मिळवतो, आणि विक्रेत्याच्या बाजूने हाच व्यवहार कसा दिसतो.

१. बाजार आठवड्यातून एकदाच का भरतो?

समजा, एका विक्रेत्याला दिवसाचा खर्च आणि मजुरी भागवण्यासाठी किमान ३,००० रुपयांची विक्री हवी आहे. एका गावात त्याच्या मालाची रोजची मागणी फक्त ५०० रुपयांची आहे. त्या गावात कायमचे दुकान टाकले तर ते चालणार नाही. दूरच्या गावांतील लोक रोज त्याच्याकडे येतील म्हणावे, तर तेवढी वाट तुडवणे त्यांना परवडत नाही.

मात्र गावकऱ्यांनी सहा दिवसांची खरेदी एकाच दिवशी करायची ठरवली, तर त्या दिवशीची मागणी ५०० गुणिले ६, म्हणजे ३,००० रुपये होते. विक्रेत्याचा दिवस भरून निघतो. उरलेले पाच दिवस तो दुसऱ्या पाच गावांना देतो. ग्राहकाने दुकानापर्यंत जाण्याऐवजी दुकानच ग्राहकापर्यंत येते. आठवडी बाजारामागचे साधे गणित हे असे आहे.

या गणिताला भूगोलात दोन संज्ञा आहेत. विक्रेत्याला टिकून राहण्यासाठी लागणारी ‘किमान मागणी’ ही पहिली. ग्राहक एखाद्या वस्तूसाठी जास्तीत जास्त किती अंतर जाईल, तो ‘पल्ला’ ही दुसरी. या कल्पनांची मांडणी वॉल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतील वस्त्यांच्या अभ्यासातून केली. पल्ल्याच्या आतली मागणी किमान मागणीपेक्षा कमी पडली की विक्रेत्याला फिरावे लागते, हा मुद्दा जे. एच. स्टाइन यांनी १९६२ मध्ये कोरियातील बाजारांच्या आधारे मांडला. पुढे विल्यम स्किनर यांनी १९६४-६५ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतातील बाजारांवर लिहिताना दाखवले की शेजारच्या गावांचे बाजाराचे वार एकमेकांशी जुळवून घेतलेले असतात. एका गावचा वार दुसऱ्या गावच्या वारावर सहसा येत नाही. आपल्याकडेही हे दिसते. म्हापशाचा शुक्रवार आणि नाशिकचा गोदाकाठचा बुधवार ही ओळख त्या त्या भागात इतकी पक्की आहे की वार म्हटला की बाजार समजतो.

या सिद्धांताप्रमाणे लोकवस्ती आणि क्रयशक्ती वाढली की आठवडी बाजाराची जागा रोजच्या दुकानांनी घ्यायला हवी. मग बेंगळुरूसारख्या महानगरात असे बाजार का टिकले आहेत?

२. बेंगळुरूचा बाजार: पेठ आणि संते

कन्नडमध्ये आठवडी बाजाराला ‘संते’ म्हणतात. तेलुगूत ‘संत’ आणि तमिळमध्ये ‘चंदै’ हे याच कुळातले शब्द आहेत. कर्नाटकात संतेबेन्नूर, संतेमरहळ्ळी अशी गावांची नावेच या शब्दावरून पडलेली दिसतात. बेंगळुरूत दर वर्षी जानेवारीत चित्रकला परिषदेच्या परिसरात रस्त्यावर भरणाऱ्या चित्रांच्या बाजारालाही ‘चित्रसंते’ म्हणतात. शब्द अजून जिवंत असल्याची ही खूण आहे.

मराठी वाचकाला जास्त ओळखीचा वाटेल तो दुसरा शब्द, ‘पेटे’. हीच आपली पेठ. केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये वसवलेल्या बेंगळुरूचा गाभा म्हणजे या पेटा. अक्कीपेटे म्हणजे तांदळाची पेठ, बळेपेटे बांगड्यांची, कुंबारपेटे कुंभारांची, गाणिगरपेटे तेल गाळणाऱ्यांची. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यामुळे पुणे आणि बेंगळुरू ही दोन्ही पेठांची शहरे एका काळी एकाच घराण्याच्या जहागिरीत होती.

या दोन शहरांच्या पेठांची नावे शेजारी ठेवून पाहावीत. पुण्यात सोमवारपासून रविवारपर्यंत सातही वारांच्या पेठा आहेत. बेंगळुरूच्या पेटांची नावे बहुतेक माल आणि कारागिरी यांवरून पडली आहेत. बाजाराची घडी बसवण्याच्या दोन रीती या नावांतून ध्यानात येतात: एक वेळेवरून, म्हणजे कोणत्या दिवशी यायचे ते ठरवणारी, आणि दुसरी जागेवरून, म्हणजे कशासाठी कुठे जायचे ते ठरवणारी. संते ही पहिल्या रीतीची आहे. दोन्ही रीतींचे काम मात्र एकच असते. विकणारे आणि घेणारे एकमेकांना शोधत फिरू नयेत, म्हणून त्यांना एका ठिकाणी किंवा एका वेळी गोळा करणे.

आता महानगरातील संतेकडे वळू. त्यामागे एक कारण शहराच्या वाढीत आहे. २००७ मध्ये बृहत् बेंगळुरू महानगरपालिका झाली, तेव्हा जुन्या महापालिकेत भोवतालच्या सात नगरपरिषदा, केंगेरी हे लहान शहर आणि ११० गावे सामील करण्यात आली. गावे शहरात आली, पण गावांच्या सवयी एकदम मोडल्या नाहीत. दुसरे कारण ग्राहकाच्या वेळेत आहे. खेड्यात ग्राहकाला अंतर परवडत नव्हते, शहरात त्याला वेळ परवडत नाही. नोकरी करणारे आणि शिकणारे लोक सुट्टीच्या दिवशी आठवड्याची खरेदी उरकतात, म्हणून मागणी पुन्हा एका दिवशी गोळा होते. तिसरे कारण खर्चाचे. उघड्यावरच्या विक्रेत्याला कायमच्या गाळ्याचे भाडे आणि अनामत भरावी लागत नाही.

३. एका वस्तूचे अनेक भाव

आपली विद्यार्थिनी टोमॅटो घ्यायला जाते. पहिल्या पाटीवर एक भाव, दहा पावलांवर दुसरा, कोपऱ्यावर तिसरा. तिला वाटते, कोणीतरी फसवत आहे. परंतु भावात फरक असणे हा फसवणुकीचा पुरावा नव्हे. मालाची प्रत वेगळी असते, कोणी पहाटे घाऊक बाजारातून महाग उचललेला असतो, कोणाला लवकर घरी जायचे असते. आणि मुख्य कारण हे की सर्व ग्राहकांना सर्व भाव माहीत नसतात.

जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ मध्ये माहितीच्या अर्थशास्त्रावरील लेखात हा मुद्दा मांडला. भाव विचारत फिरण्यालाही खर्च येतो. वेळ जातो, पाय दुखतात, मागचा चांगला माल दुसरा कोणी घेऊन जातो. म्हणून शहाणा ग्राहक सगळ्यांना भाव विचारत नाही. आणखी एकाला विचारून जेवढे वाचण्याची शक्यता आहे, ते विचारण्याच्या खर्चाइतके झाले की तो थांबतो.

हे आकड्यांत पाहू. समजा, टोमॅटोचे भाव किलोला २० ते ४० रुपयांच्या दरम्यान सारख्या प्रमाणात पसरलेले आहेत. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. एकालाच विचारून घेतले तर सरासरीने ३० रुपये पडतील. दोघांना विचारून कमी भाव घेतला तर सरासरी सुमारे २६ रुपये ६७ पैसे. तिघांना विचारले तर २५, चौघांना विचारले तर २४, पाच जणांना विचारले तर सुमारे २३ रुपये ३३ पैसे. सूत्र असे: सर्वांत कमी भाव अधिक, भावांतील फरक भागिले विचारलेल्यांची संख्या अधिक एक.

या आकड्यांवरून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, दुसऱ्याला विचारण्याचा फायदा सर्वांत मोठा असतो आणि पुढे तो झपाट्याने घटतो. दुसरी, फायदा खरेदीच्या आकारावर अवलंबून असतो. अर्धा किलो टोमॅटोसाठी पाचव्या पाटीपर्यंत जाण्यात अर्थ नाही, परंतु तिघींसाठी पाच किलो कांदे घ्यायचे असतील तर आहे. तिसरी गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. दुकाने एकमेकांपासून लांब असतील तर दुसऱ्याला विचारण्याचा खर्च जास्त असतो. संतेत तो दहा पावलांचा असतो. म्हणजे ज्या बाजाराला परका माणूस बिचकतो, तोच बाजार त्याला माहिती सर्वांत स्वस्तात देत असतो.

बेंगळुरूत आणखी एक आधार मिळतो. फळे आणि भाज्या पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची ‘हॉपकॉम्स’ ही सहकारी संस्था १९५९ मध्ये द्राक्ष उत्पादकांची संस्था म्हणून सुरू झाली. शहरभर तिची विक्री केंद्रे आहेत आणि तिचे भाव रोज जाहीर होतात. संतेला जाण्यापूर्वी त्या भावांवर नजर टाकली की साधारण पातळी कळते. बाजारात जाणारा नवा माणूस अगदी कोऱ्या पाटीने जात नाही.

४. माहिती मिळवण्याच्या तीन वाटा

मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी मोरोक्कोतील सेफ्रू या गावच्या बाजाराचा अभ्यास केला आणि १९७८ मध्ये त्यावर अर्थशास्त्राच्या वाचकांसाठी लेख लिहिला. त्यांच्या मते अशा बाजारात मालापेक्षाही दुर्मीळ गोष्ट म्हणजे माहिती. बाजारातील बरेचसे वागणे, जे बाहेरच्याला गोंधळ वाटते, ते या माहितीच्या शोधाचेच रूप असते. या मांडणीच्या आधारे आपल्या उदाहरणात तीन वाटा दिसतात.

पहिली वाट, फिरणे. बाजाराला आधी एक मोकळा फेरा घालावा, काही विकत घेऊ नये. जाणती माणसे हेच करतात. या फेऱ्यात भाव कळतात, त्या दिवशी कशाची आवक मोठी आहे ते कळते. आवक मोठी, भाव उतरता. ‘बाजारात तुरी’ या म्हणीतल्या भटजींसारखे घरूनच आठवड्याचा बेत ठरवून निघाले की जी भाजी त्या दिवशी महाग आहे नेमकी तीच घ्यावी लागते. बेत बाजार पाहून ठरवावा.

याच फेऱ्यात विक्रेताही ओळखू येतो. एखाद्यापुढे एक-दोनच भाज्यांचे ढीग असतील तर त्याने शेतातला माल आणलेला असण्याची शक्यता जास्त. पंधरा प्रकारच्या भाज्यांबरोबर सफरचंदेही असतील तर तो घाऊक बाजारातून उचलून विकणारा. यात एक चांगला आणि दुसरा वाईट असे नाही, परंतु पहिल्याकडे निवड कमी आणि दुसऱ्याकडे सगळे एका जागी, हा फरक असतो.

दुसरी वाट, घासाघीस. फिरण्याने अनेक विक्रेत्यांविषयी थोडी थोडी माहिती मिळते, घासाघिशीने एकाच विक्रेत्याविषयी खोल माहिती मिळते. तो किती खाली येऊ शकतो, त्याला माल संपवण्याची घाई आहे का, हे बोलण्यातूनच कळते. इथे वेळेचा मोठा वाटा असतो. पालेभाजी संध्याकाळी कोमेजते आणि परत नेण्यात अर्थ नसतो, म्हणून बाजार उठताना तिचा भाव पडतो. कांदे-बटाटे टिकतात, म्हणून त्यांचा भाव तेवढा पडत नाही. मात्र संध्याकाळी निवडून घेण्यासारखे थोडेच उरलेले असते. सकाळी प्रत मिळते, संध्याकाळी भाव मिळतो. सकाळच्या पहिल्या विक्रीला आपण भवानी म्हणतो, कन्नडमध्ये ‘बोणी’ म्हणतात. पहिले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ नये ही भावना दोन्हीकडे सारखी आहे.

घासाघीस नेहमी पैशांचीच असते असे नाही. भाव तोच ठेवून वर चार मिरच्या, कढीपत्त्याची एक काडी किंवा कोथिंबिरीची लहान जुडी मिळते. किलोचा भाव कमी केला तर तो शेजारच्या गिऱ्हाइकाच्या कानावर जातो आणि सगळ्यांनाच द्यावा लागतो. वरची कोथिंबीर त्या एकाच व्यवहारापुरती राहते. विक्रेता पैशांवर अडून बसतो आणि कोथिंबीर मोकळ्या हाताने देतो, त्यामागे हे कारण असते.

तिसरी वाट, गिऱ्हाइकी. म्हणजे दर आठवड्याला त्याच विक्रेत्याकडे जाणे. भावाची माहिती मिळाली तरी प्रतीची माहिती राहतेच. भेंडीचे टोक मोडून पाहता येते, पण कलिंगड आतून कसे आहे ते विक्रेत्यालाच अंदाजाने माहीत असते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवले की प्रतीची माहिती फक्त विकणाऱ्याकडे असेल तर घेणारा साशंक होतो, चांगल्या मालालाही चांगला भाव देत नाही, आणि शेवटी चांगला माल बाजारातून निघून जातो. यावर एक जुना उपाय म्हणजे परत येण्याची खात्री. ज्याला पुढच्या आठवड्यात तुमच्याकडूनच विक्री करायची आहे, तो आज नासका माल गळ्यात बांधत नाही. “आज ही भाजी घेऊ नका, ती घ्या,” हे वाक्य नेहमीच्या गिऱ्हाइकालाच ऐकायला मिळते.

आता पहिल्या तक्रारीकडे परत येऊ. नव्या माणसाला जास्त भाव सांगितला जातो हे अनेकदा खरे असते. परंतु त्याचे कारण तो मराठी बोलतो हे नसून तो पुन्हा येईल की नाही हे विक्रेत्याला ठाऊक नसते आणि साधारण भाव काय आहे हे ग्राहकाला ठाऊक नसते. नांदेडच्या बाजारात पहिल्यांदा आलेल्या बेंगळुरूच्या माणसाचीही हीच गत होईल. इतकेच काय, बेंगळुरूतच जन्मलेला पण कधी बाजारहाट न केलेला मुलगाही तोच भाव देऊन येतो.

५. भाषा किती लागते?

याचा अर्थ भाषेला महत्त्व नाही असा नाही. भाषा हे माहिती मिळवण्याचे साधन आहे, आणि बाजारापुरते हे साधन थोडक्यात हाती येते. ‘एष्टु’ म्हणजे किती. ‘बेकु’ म्हणजे हवे, ‘बेड’ म्हणजे नको, ‘साकु’ म्हणजे पुरे, ‘कोडि’ म्हणजे द्या. ‘कम्मि माडि’ म्हणजे कमी करा, आणि त्यातला ‘कम्मि’ समजावून सांगावा लागत नाही. ‘जास्ति’ही तोच. सुट्ट्या पैशांना ‘चिल्लरे’ म्हणतात, भाजीला ‘तरकारि’. पालेभाजी म्हणजे ‘सोप्पु’ आणि जुडी म्हणजे ‘कट्टु’. कोथिंबीर ‘कोत्तंबरि’, मेथी ‘मेंत्य’, भेंडी ‘बेंडेकायि’. विक्रेत्या बाईंना ‘अक्का’ आणि पुरुषाला ‘अण्णा’ म्हणावे. हे दोन्ही शब्द मराठी घरांतही शतकानुशतके नांदत आहेत.

सर्वांत आधी शिकावेत ते दशकांचे आकडे, कारण भाव त्यातच सांगितले जातात: हत्तु, इप्पत्तु, मूवत्तु, नलवत्तु, ऐवत्तु, अरवत्तु, एप्पत्तु, एंबत्तु, तोंबत्तु आणि नूरु. दहापासून शंभरापर्यंतच्या या दहा शब्दांनी बाजारातल्या बहुतेक पाट्या ऐकू येऊ लागतात. इथे ‘ऐकू येणे’ महत्त्वाचे, कारण शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगितलेला भाव ऐकता आला की स्वतः न विचारताही माहिती मिळते.

सारखे दिसणारे काही शब्द मात्र चकवतात. ‘शुंठि’ म्हटल्यावर मराठी माणसाला वाळलेली सुंठ आठवते, पण भाजीबाजारात त्याचा अर्थ आले. दक्षिण कर्नाटकात नुसते ‘जोळ’ म्हटले तर मका पुढे येण्याची शक्यता असते, भाकरीची ज्वारी हवी असल्यास ‘बिळि जोळ’ म्हणजे पांढरी जोळ म्हणावे. आणि बाजारात फक्त कन्नडच चालते असेही नाही. तमिळ, तेलुगू, दख्खनी उर्दू अशा अनेक बोलींत तिथे व्यवहार होतो. परका ग्राहक ज्याच्याशी बोलतो, तो विक्रेता स्वतःही कुठूनतरी आलेला असू शकतो.

६. मापे आणि पैसे

‘अर्ध केजी’ मराठी माणसाला लगेच समजते, पण पाव किलोला ‘कालु केजी’ म्हणतात आणि पाऊण किलोला ‘मुक्कालु केजी’. ‘पावु’ हा शब्दही ऐकू येतो, परंतु तो वजनाचा पाव नव्हे. ‘पावु’ आणि ‘सेरु’ ही भांड्याने मोजायची जुनी मापे आहेत, आपल्या मापट्या-शेरासारखी. चुरमुरे, शेंगा, सोललेले दाणे अशा वस्तू अजून कित्येकदा अशा मापाने विकल्या जातात. भांड्याच्या मापाची वजनाच्या भावाशी थेट तुलना करता येत नाही, म्हणून आधी माप विचारावे. गजरे आणि फुलांच्या माळा ‘मोळ’ आणि ‘मारु’ यांवर मिळतात. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात आणि मारु म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचे अंतर, आपला वाव. ही मापे विकणारीच्या हाताने मोजली जातात.

तराजूच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. वैध मापन अधिनियम, २००९ नुसार व्यापारात वापरायची वजने आणि तराजू तपासून घेऊन त्यांवर शिक्का असणे आवश्यक आहे. काटा शून्यावर आहे ना, हे पाहणे हा ग्राहकाचा हक्क आहे, त्यात कोणाचा अपमान नाही.

पैशांचेही एक भान ठेवावे. २०१६ पासून यूपीआय आल्यावर पाटीपाटीवर संकेतचौकट लागली आणि सुट्ट्यांची कटकट कमी झाली. परंतु जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयवरील उलाढालीच्या आधारे लहान व्यापाऱ्यांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बेंगळुरूत अनेकांनी ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. ताज्या भाजीला हा कर नाही, तरीही धास्ती पसरली. म्हणून थोडे सुट्टे पैसे जवळ असावेत.

७. विक्रेत्याची बाजू

आतापर्यंत आपण ग्राहकाच्या बाजूने पाहिले. त्याच व्यवहाराची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांनी २०११ च्या आपल्या ‘पुअर इकॉनॉमिक्स’ या पुस्तकात चेन्नईतील फळे-भाजी विकणाऱ्यांचे उदाहरण दिले आहे. सकाळी सुमारे १,००० रुपयांचा माल उधारीवर उचलायचा आणि संध्याकाळी सुमारे १,०४७ रुपये परत करायचे, असा तो व्यवहार. व्याजाचा दर दिवसाला ४.६९ टक्के पडतो. हे आकडे चेन्नईचे आहेत, परंतु रोजच्या भांडवलासाठी सावकारावर अवलंबून राहण्याची अडचण देशभरच्या पथविक्रेत्यांना ओळखीची आहे. पाच पाच रुपये कमी करून घेणारी नऊ-दहा गिऱ्हाइके आली, की एका दिवसाच्या व्याजाएवढी रक्कम गेली. केंद्र सरकारची पीएम स्वनिधी योजना जून २०२० मध्ये सुरू झाली, ती याच अडचणीसाठी. तिच्यात पथविक्रेत्यांना सुरुवातीला १०,००० रुपयांपर्यंतचे विनातारण कर्ज देण्याची तरतूद होती.

दुसरी अनिश्चितता जागेची असते. रस्त्यावर बसणारा विक्रेता अतिक्रमण करतो, की व्यवसाय करण्याचा हक्क बजावतो? सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सोदन सिंग खटल्यात म्हटले की पथविक्री हा राज्यघटनेच्या कलम १९(१)(छ) खालील व्यवसायाचा हक्क आहे, मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. पुढे पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ आला. त्यानुसार दर पाच वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांचे सर्वेक्षण करायचे असते. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही विक्रेत्याला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला. विक्रेते आणि ग्राहक परंपरेने जिथे जमत आले, अशा ‘नैसर्गिक बाजाराला’ही या कायद्याने ओळख दिली. सर्वेक्षणात असा बाजार नोंदला गेला तर तो विक्रीबंद क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही.

संतेच्या दृष्टीने ही शेवटची तरतूद मोलाची आहे. बाजाराची खरी मालमत्ता त्याची जागा आणि त्याचा वार यांत असते, कारण ‘अमुक वारी अमुक ठिकाणी’ हे सर्वांना ठाऊक असणे हीच मुळात माहिती आहे. बाजार उठवून दुसरीकडे नेला की माल तोच राहतो, माणसेही तीच राहतात, पण ही माहिती मोडते आणि वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकी विस्कटते.

सारांश

आठवडी बाजार विखुरलेली मागणी एका दिवसात गोळा करतो, आणि त्याबरोबर माहितीही एका जागी गोळा करतो. परमुलखात राहणाऱ्याला महाग पडते ते मुख्यतः या माहितीच्या अभावामुळे. ती मिळवण्याच्या वाटा तीन: फिरून तुलना करणे, घासाघीस करणे आणि एका ठिकाणी नियमाने जाणे. पहिल्या दोन वाटांनी त्या दिवसापुरते काही रुपये वाचतात. तिसरीने भरवसा मिळतो, आणि तो ग्राहक व विक्रेता दोघांच्याही उपयोगी पडतो. आपल्या उदाहरणातील विद्यार्थिनी चौथ्या-पाचव्या आठवड्यात जाते, तेव्हा तिचे कन्नड फार सुधारलेले नसते. पण अक्का तिला ओळखते, शेपूची जुडी बाजूला ठेवते, आणि भाव विचारण्याआधीच खरा भाव सांगते. त्या पाटीपुरती तरी ती परदेशी राहिलेली नसते.

स्वाध्याय

१. ‘किमान मागणी’ आणि ‘पल्ला’ या संज्ञा स्पष्ट करून आठवडी बाजार का भरतो ते स्वतःच्या परिसरातील उदाहरणाने सांगा.

२. एका भाजीचे भाव किलोला ३० ते ६० रुपयांच्या दरम्यान सारख्या प्रमाणात पसरलेले आहेत. दोघांना विचारून कमी भाव घेतल्यास सरासरी काय भाव पडेल? पाच जणांना विचारल्यास? तुम्ही कोणत्या टप्प्यावर थांबाल आणि का?

३. विक्रेता भाव कमी करण्याऐवजी वर कोथिंबीर का देतो? माहितीच्या दृष्टीने उत्तर द्या.

४. जवळच्या आठवडी बाजाराला सकाळी आणि बाजार उठण्याच्या वेळी भेट द्या. एक पालेभाजी आणि एक टिकाऊ भाजी यांचे भाव व प्रत नोंदवून तुलना करा.

५. ‘आठवडी बाजार दुसऱ्या जागी हलवल्याने विक्रेत्यांचे नुकसान होत नाही, कारण त्यांना तेवढीच जागा मिळते.’ पथविक्रेता अधिनियम, २०१४ मधील ‘नैसर्गिक बाजार’ या कल्पनेच्या आधारे या विधानाची चर्चा करा.